ग्रंथाची नोंद आणि संशोधकाचा प्रश्न : १८६७ च्या नोंदवहीपासून डब्लिन कोअरपर्यंत

१

जुन्या मराठीच्या अभ्यासकाला गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक मोठी सोय लाभली आहे. ज्या ग्रंथांसाठी पूर्वी पुणे, मुंबई किंवा लंडन येथील ग्रंथालयांचे उंबरठे झिजवावे लागत, त्यांतील पुष्कळ ग्रंथांची पाने आता संगणकाच्या पडद्यावर घरबसल्या पाहता येतात. परंतु या सोयीबरोबर एक अडचणही आली आहे. पूर्वी ग्रंथ मिळत नसे, पण तो अमुक ठिकाणी आहे हे सूचीवरून कळत असे. आता ग्रंथ संग्रहात असतो, पण तो सापडत नाही. किंवा सापडतो, पण तो कोणत्या आवृत्तीचा आहे, कोठे छापला आहे, त्याचा पाठ कोणाचा आहे, हे नोंदीवरून समजत नाही.

डिजिटल संग्रहातील ग्रंथाविषयीच्या या नोंदीला 'मेटाडेटा' हे नाव आता रूढ झाले आहे. माहितीविषयीची माहिती, असा त्याचा साधा अर्थ. ही नोंद कोणत्या बाबींची करावयाची, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या रूपात करावयाची, हे ठरवून देणारे नियम म्हणजे मेटाडेटाची प्रमाणके. हा विषय ग्रंथपालांचा आहे, संशोधकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण नाही, अशी समजूत आपल्याकडे आढळते. ती समजूत बरोबर नाही, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. नोंदीत जी बाब धरलेली नसते, तिच्याविषयीचा प्रश्न पुढच्या संशोधकाला संग्रहापुढे मांडताच येत नाही. म्हणून या प्रमाणकांचे गुणदोष पाहताना त्यांचा इतिहास पाहणे अवश्य ठरते. तो इतिहास संगणकापूर्वी पुष्कळ आधी सुरू होतो, आणि त्याचा एक महत्त्वाचा टप्पा मराठी ग्रंथांशी प्रत्यक्ष निगडित आहे.

२

नोंद थोडक्यात करावी की तपशिलाने, हा वाद फार जुना आहे. ब्रिटिश म्यूझियमच्या ग्रंथालयासाठी अँटोनिओ पानिझी आणि त्यांचे सहकारी यांनी तयार केलेले एक्याण्णव नियम १८४१ मध्ये प्रसिद्ध झाले. आधुनिक तालिकीकरणाचा प्रारंभ सामान्यतः येथून मानला जातो. या नियमांवर त्या काळी कडक टीका झाली. नियम अनावश्यक गुंतागुंतीचे आहेत, त्यांच्यामुळे तालिका कधी पुरी होणार नाही, असे टीकाकारांचे म्हणणे होते. १८४७ मध्ये म्यूझियमच्या कारभाराची चौकशी करण्यासाठी एक आयोग नेमण्यात आला. त्याचे सचिव जॉन पेन कॉलियर हे स्वतः साहित्यसंशोधक होते. नोंदी झटपट करता येतात हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी आपल्या संग्रहातील पंचवीस ग्रंथांच्या नोंदी एका तासात करून दाखविल्या. पानिझींनी त्या आपले सहकारी जॉन विंटर जोन्स यांच्याकडे तपासावयास दिल्या. जोन्स यांनी त्या पंचवीस नोंदींतील चुकांची वर्गवारीच करून ठेवली. लेखकाचे नाव अपुरे, शीर्षक भलतेच, आवृत्तीचा उल्लेख नाही, अशा त्या चुका होत्या. एका विद्वानाने, स्वतःच्याच ग्रंथांच्या, सावकाशीने निवडून केलेल्या नोंदींत इतके दोष राहतात, तर लक्षावधी ग्रंथांचे काय होईल, हा पानिझींचा युक्तिवाद आयोगाला पटला.

तथापि या कथेची दुसरी बाजूही लक्षात ठेवली पाहिजे. १८४१ मध्ये 'ए' या अक्षराचा खंड छापून झाल्यावर तालिकेचे मुद्रण थांबले. हस्तलिखित तालिका वाचकांना उपलब्ध होती, पण सर्वसाधारण तालिकेचे मुद्रण पुन्हा सुरू व्हावयास १८८१ साल उजाडले. तपशिलाची किंमत वेळात मोजावी लागते, ही कॉलियर यांची मूळ तक्रार खोटी नव्हती. पुढील दीडशे वर्षांतील प्रत्येक प्रमाणकात पानिझी आणि कॉलियर यांचा हा तंटा निराळ्या वेषात पुनःपुन्हा उभा राहतो.

३

आपल्याकडे ग्रंथवर्णनाचे पहिले व्यापक प्रमाणक ग्रंथालयाने घडविलेले नाही, ते कायद्याने घडविले. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने छापखान्यांचे नियमन, छापलेल्या प्रत्येक ग्रंथाच्या प्रतीचे जतन आणि ग्रंथांची नोंदणी अशी तीन कामे एकत्र आणली. १८५७ च्या उठावानंतरच्या दशकात देशी भाषांत काय छापले जाते यावर नजर ठेवण्याची सरकारला असलेली गरज या कायद्यामागे होती, हे उघड आहे. परंतु हेतू कोणताही असो, नोंद कशी असावी हे त्या कायद्याच्या अठराव्या कलमाने ज्या बारकाईने सांगितले ते पाहण्याजोगे आहे.

त्या कलमानुसार प्रत्येक ग्रंथाविषयी पुढील बाबी 'शक्य असेल तितपत' नोंदवावयाच्या होत्या : ग्रंथाचे नाव व मुखपृष्ठावरील मजकूर, आणि तो इंग्रजीत नसल्यास त्याचे इंग्रजी भाषांतर, ग्रंथाची भाषा, लेखक, भाषांतरकार किंवा संपादक यांचे नाव, विषय, मुद्रणाचे व प्रकाशनाचे ठिकाण, मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव, प्रसिद्धीची तारीख, पृष्ठसंख्या, आकार, आवृत्तीचा क्रमांक, त्या आवृत्तीच्या प्रतींची संख्या, ग्रंथ खिळाछाप आहे की शिळाछाप, किंमत, आणि स्वामित्वहक्क ज्याच्याकडे असेल त्याचे नाव व राहण्याचे ठिकाण. अशा एकंदर चौदा बाबी होतात. दर तिमाहीस या नोंदी सरकारी गॅझेटात प्रसिद्ध करण्याची तरतूदही त्याच कायद्यात होती. हा कायदा पुढे दीर्घकाळ टिकला. त्याची जागा नियतकालिकांविषयीच्या २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली असून तो मार्च २०२४ पासून अंमलात आला आहे.

या तिमाही याद्या मराठीच्या अभ्यासकाला किती उपयोगी पडतात हे सांगावयास नको. एखाद्या ग्रंथाच्या किती प्रती निघाल्या, तो चार आण्यांना विकला जात होता की चार रुपयांना, तो शिळाप्रेसवर निघाला की टाइपात, तो मुंबईत छापला की पुण्यात, रत्नागिरीत की बेळगावात, या माहितीवरून वाचकवर्गाचा इतिहास उभा करता येतो. अ. का. प्रियोळकरांनी १९५८ मध्ये भारतातील मुद्रणाचा जो इतिहास लिहिला, त्या जातीच्या अभ्यासाला अशाच माहितीची गरज असते. पाळत ठेवण्यासाठी निघालेली नोंदवही इतिहासाचे साधन ठरली. नोंद करणाऱ्याला जो उपयोग अभिप्रेत असतो त्याहून निराळा उपयोग पुढची पिढी करते, हा यातील धडा आहे.

मराठीपुरते बोलावयाचे तर या परंपरेत आणखी तीन नावे घ्यावयास हवीत. सर अलेक्झांडर ग्रँट यांनी १८६४ अखेरपर्यंतच्या मुंबई इलाख्यातील देशी प्रकाशनांची यादी केली. ब्रिटिश म्यूझियममधील मराठी व गुजराती मुद्रित ग्रंथांची जे. एफ. ब्लूमहार्ट यांची तालिका १८९२ मध्ये निघाली. आणि शंकर गणेश दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'चा १८०० ते १९३७ या कालखंडाचा पहिला भाग १९४३ मध्ये व १९३८ ते १९५० चा दुसरा भाग १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. दात्यांचे हे काम आजही मराठी ग्रंथव्यवहाराच्या अभ्यासाचा पाया आहे.

४

संगणकयुगातील पहिले मोठे प्रमाणक म्हणजे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अॅव्हरम यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले 'मार्क'. त्याचे प्रायोगिक काम १९६६ मध्ये सोळा ग्रंथालयांच्या सहकार्याने सुरू झाले. तालिकेचे पत्रक छापणे आणि त्यावरील माहिती चुंबकीय फितीवरून एका ग्रंथालयाकडून दुसऱ्याकडे पाठविणे, हे त्याचे मूळ उद्दिष्ट होते. पानिझींपासून चालत आलेली तपशिलाची परंपरा मार्कने यंत्राच्या भाषेत उतरविली. आवृत्ती, प्रकाशनस्थळ, पृष्ठसंख्या, टीपा, विषय, इतर नावे या प्रत्येकासाठी त्यात स्वतंत्र क्रमांकाचे रकाने आहेत. परंतु ते वापरावयास प्रशिक्षित तालिकाकार लागतो. लहान संस्थेला तो खर्च पेलत नाही.

१९९० नंतर महाजालावरील मजकुराचा पसारा वाढला तेव्हा ही अडचण तीव्र झाली. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेच्या ओहायो राज्यातील डब्लिन या गावी ग्रंथपाल, संगणकतज्ज्ञ आणि संशोधक असे बावन्न लोक एकत्र जमले. तज्ज्ञाची मदत न घेता कोणालाही भरता येईल अशी अगदी मोजक्या बाबींची नोंद ठरविणे, हा त्यांचा उद्देश होता. तीतून निघालेल्या प्रमाणकाला त्या गावावरून 'डब्लिन कोअर' हे नाव मिळाले. आयर्लंडच्या राजधानीशी त्याचा संबंध नाही. प्रथम तेरा असलेले घटक १९९६ मध्ये पंधरा झाले : शीर्षक, कर्ता, विषय, वर्णन, प्रकाशक, सहयोगी, दिनांक, प्रकार, स्वरूप, ओळखखूण, मूळ स्रोत, भाषा, संबंध, व्याप्ती आणि हक्क. यांतील कोणताही घटक सक्तीचा नाही, आणि कोणताही कितीही वेळा देता येतो. २००३ मध्ये या संचाला आंतरराष्ट्रीय प्रमाणकाची मान्यता मिळाली.

या प्रमाणकाचा खरा प्रसार २००१ मध्ये आलेल्या 'ओएआय' संकेतामुळे झाला. एका संग्रहातील नोंदी दुसऱ्या संग्रहाने आपोआप गोळा करून एकत्र शोधासाठी मांडाव्यात, ही त्यामागील कल्पना होती. त्यासाठी प्रत्येक संग्रहाने निदान साध्या डब्लिन कोअरच्या रूपात नोंदी पुरविल्या पाहिजेत, अशी अट होती. आपल्याकडील प्रबंधांचा 'शोधगंगा' हा संग्रह ज्या 'डीस्पेस' प्रणालीवर उभा आहे ती याच परंपरेतली आहे. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले आणि जून २०१८ मध्ये देशाला अर्पण झालेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय हेही अनेक संस्थांच्या नोंदी एकत्र मांडण्याच्या तत्त्वावर चालते.

याच सुमारास अधिक तपशिलाची प्रमाणकेही निघाली. अभिलेखागारांसाठी 'ईएडी' १९९८ मध्ये आले. डिजिटल वस्तूची पाने, प्रकरणे व त्यांची मांडणी बांधून ठेवण्यासाठी 'मेट्स' आणि मार्कचे सुटसुटीत रूप म्हणून 'मॉड्स' ही त्यानंतरच्या काही वर्षांत आली. संहितांच्या चिकित्सक संपादनासाठी 'टीईआय'चे काम १९८७ पासून सुरू होते. म्हणजे साधनांची वाण नव्हती. तरी सर्वांना समजणारी भाषा म्हणून जे चालले ते पंधरा घटकांचे डब्लिन कोअरच.

५

डब्लिन कोअरचे गुण प्रथम नमूद केले पाहिजेत. ते नसते तर लहान महाविद्यालये, वाचनालये आणि खाजगी संस्था यांचे संग्रह एकत्र शोधता येण्याची स्थिती आलीच नसती. शिकावयास सोपे, भरावयास स्वस्त आणि कोणत्याही विषयाला लागू पडणारे असे हे साधन आहे. १८६७ च्या नोंदवहीत नसलेल्या काही बाबी त्यात आहेत. ग्रंथाची कायम ओळखखूण, तो ज्या मूळ वस्तूवरून तयार झाला तिचा निर्देश, इतर ग्रंथांशी असलेला त्याचा संबंध आणि त्यात आलेला प्रदेश व काळ, या त्या बाबी होत.

परंतु दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे उणीव चटकन ध्यानात येते. प्रकाशनस्थळ, मुद्रक, आवृत्तीचा क्रमांक, प्रतींची संख्या आणि किंमत यांना पंधरा घटकांत स्वतःची जागा नाही. मुद्रणाची पद्धत 'स्वरूप' या घटकात कशीबशी बसविता येते. मुद्रकाला कोणी 'प्रकाशक' म्हणून नोंदवितो, कोणी 'सहयोगी' म्हणून, तर कोणी वगळतो. शिवाय मार्कमधील सविस्तर नोंद जेव्हा साध्या डब्लिन कोअरमध्ये उतरविली जाते, तेव्हा ज्या रकान्यांना पलीकडे जागा नसते ते एकतर 'वर्णन' या घटकात ओतले जातात, नाहीतर गळून पडतात. उलट दिशेने जावयाचे झाल्यास गेलेली माहिती परत आणता येत नाही. नोंद एका संग्रहाकडून दुसऱ्याकडे जितक्या वेळा जाते, तितकी ती झिजते.

याचा संशोधनावर काय परिणाम होतो ते आता उदाहरणांनी पाहू.

६

(अ) आवृत्ती. भाषेचा इतिहास लिहिणाऱ्याला 'ज्ञानेश्वरी' हे नाव पुरेसे नसते. वि. का. राजवाड्यांनी १९०९ मध्ये छापलेला पाठ आणि वारकरी परंपरेत प्रचलित असलेला पाठ यांत विभक्तिप्रत्यय व क्रियारूपे यांचे भेद आहेत. एखाद्या रूपाची वारंवारता मोजून कोणी कालनिर्णय करू लागला, आणि त्याच्यापुढील नोंदीत 'शीर्षक : ज्ञानेश्वरी, कर्ता : ज्ञानेश्वर, भाषा : मराठी' एवढेच असले, तर तो तेराव्या शतकाची भाषा मोजतो आहे की नंतरच्या एखाद्या संपादकाची, हे त्यालाच कळणार नाही. ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय संघाने १९९८ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात कृती, तिचा विशिष्ट पाठ, त्या पाठाची मुद्रित आवृत्ती आणि हातातली प्रत अशा चार पायऱ्या स्पष्ट वेगळ्या केल्या आहेत. साध्या डब्लिन कोअरच्या नोंदीत त्या चारी एकमेकींत मिसळतात.

(आ) काल. 'दिनांक' हा घटक एकच आहे. तो लेखनाचा, मुद्रणाचा की छायाप्रत घेतल्याचा? जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये लिहून पूर्ण केला. ग्रंथरूपाने तो छापला गेला तो त्यांच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी. नोंदीत आढळणारे साल यांतील कोणते, हे सांगण्याची सोय मूळ घटकात नाही. २००० मध्ये अधिक नेमके उपघटक जोडले गेले खरे. परंतु साध्या रूपात उतरविताना ते पुन्हा एकाच दिनांकात विलीन होतात. त्यातून आपल्या जुन्या ग्रंथांवर पुष्कळदा शकाचे वर्ष असते. शके १७८९ म्हणजे इसवी सनाचे १८६७-६८. महिना ठाऊक नसेल तर नेमके एक इसवी वर्ष सांगता येत नाही. अनिश्चित आणि दोन वर्षांत विभागलेल्या कालाची नोंद करण्याची रीत २०१९ च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणकात आली आहे. तिचा उपयोग करून घेतला पाहिजे, आणि शकाचे वर्ष मुखपृष्ठावर असेल तसेही जपले पाहिजे.

(इ) नाव. नाव, वडिलांचे नाव, आडनाव ही आपली रचना पाश्चात्त्य नियमांत सरळ बसते असे वाटते, पण तसे नाही. 'यमुनापर्यटन' (१८५७) चे कर्ते बाबा पदमनजी यांच्या नावातील 'पदमनजी' हे आडनाव नाही. घराण्याचे आडनाव मुळे. फुल्यांचे नाव जोतीराव, जोतिबा, ज्योतिराव, ज्योतिबा असे चार तऱ्हांनी लिहिलेले आढळते. गोपाळ हरि देशमुख 'लोकहितवादी' या नावाने, तर कृष्णाजी केशव दामले 'केशवसुत' या नावाने ओळखले जातात. वि. वा. शिरवाडकरांनी कविता 'कुसुमाग्रज' या नावाने प्रसिद्ध केली, आणि ही दोन नावे एकत्र आणावी की वेगळी ठेवावी याविषयी तालिकासंहितांतही सरसकट उत्तर नाही. रंगनाथनांनी १९३४ च्या आपल्या तालिकासंहितेत भारतीय नावांचा स्वतंत्र विचार केला होता, तो या अनुभवातूनच. मोठी ग्रंथालये यासाठी नावांची अधिकृत सूची ठेवतात व सर्व पर्यायी रूपे एका रूपाशी जोडतात. डब्लिन कोअर 'कर्ता' हा रकाना देते. त्यात काय लिहावे याविषयी काहीच बंधन घालत नाही. त्यामुळे एकच लेखक चार लेखक होतो, आणि त्याच्या ग्रंथांची संख्या काढणारा विद्यार्थी चुकीची संख्या काढतो.

(ई) भाषा आणि लिपी. भाषेसाठी आंतरराष्ट्रीय संकेताक्षरे आहेत. ग्रंथालयांत रूढ असलेल्या १९९८ च्या यादीत मराठीला एकच संकेत आहे. त्यामुळे 'लीळाचरित्र' आणि या वर्षी निघालेली कादंबरी नोंदीत सारख्याच भाषेच्या ठरतात. २००७ च्या विस्तृत यादीत जुन्या मराठीला आणि वऱ्हाडी-नागपुरीला स्वतंत्र संकेत मिळाले, परंतु ग्रंथालयीन नोंदींत ते क्वचितच दिसतात. लिपीची स्थिती याहून बिकट आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले. भाषा मराठी, लिपी रोमन. विल्यम कॅरी यांच्या १८१० च्या कोशात मराठी शब्द मोडीत आहेत. कोकणीचे ग्रंथ रोमन, देवनागरी आणि कन्नड अशा निरनिराळ्या लिप्यांत निघाले आहेत. पंधरा घटकांत 'भाषा' आहे, 'लिपी' नाही. भाषेच्या संकेतापुढे लिपीचा संकेत जोडण्याची रीत महाजालाच्या नियमांत २००६ पासून उपलब्ध आहे. म्हणजे उपाय आहे, पण तो आपण योजीत नाही.

(उ) लिप्यंतर आणि लेखन. मार्कच्या मूळ संकेतसंचात देवनागरी नव्हती. म्हणून परदेशी तालिकांत मराठी शीर्षके अनेक दशके रोमन लिप्यंतरातच नोंदली गेली. लिप्यंतराच्याही रीती दोन : अमेरिकी ग्रंथालयांची एक आणि २००१ च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणकाची दुसरी. पहिलीत 'ष' दोन रोमन अक्षरांनी दाखवितात, दुसरीत खाली बिंदू दिलेल्या एका अक्षराने. तरी या दोन्ही रीती शास्त्रशुद्ध आहेत. ज्या संग्रहांत चिन्हे गाळून नुसत्या रोमन अक्षरांत शीर्षके नोंदविली गेली, तेथे त आणि ट, द आणि ड, ल आणि ळ, न आणि ण यांतील भेदच नाहीसे झाले. तेथे 'वात' आणि 'वाट', 'माल' आणि 'माळ' एकच होतात, आणि अशा नोंदीवरून मूळ शीर्षक यंत्राला पुन्हा तयार करता येत नाही.

देवनागरीत नोंद केली तरी प्रश्न संपत नाही. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांपूर्वी 'नांव', 'कांहीं', 'येथें' असे लिहीत. आज 'नाव' म्हणून शोधणाऱ्याला 'नांव' सापडत नाही. 'शेतकऱ्याचा' या शब्दातील 'ऱ्या' संगणकात एकाहून अधिक तऱ्हांनी साठविता येतो, आणि डोळ्याला सारखी दिसणारी दोन रूपे यंत्राला भिन्न वाटतात. टंकलेखकाने साधा 'र' योजला तर तेच शीर्षक 'शेतकर्याचा' होऊन बसते. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र स्थान मिळाले. त्यापूर्वी व नंतरही 'अ'वर चंद्र जोडून ते लिहिले गेले, आणि युनिकोडच्या नियमानुसार ही दोन रूपे समान मानली जात नाहीत. मोडीला तर युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ मध्ये. हे सर्व प्रश्न भाषाशास्त्राचे आहेत. ग्रंथपालाकडून त्यांची उत्तरे अपेक्षिणे अन्यायाचे होईल.

७

येथे एक आक्षेप संभवतो. वर सांगितलेले दोष प्रमाणकाचे की ते वापरणाऱ्यांचे? डब्लिन कोअरच्या कर्त्यांनी ते सर्व प्रकारच्या तपशिलाचे भांडार व्हावे असे कधीच म्हटले नव्हते. वेगवेगळ्या संग्रहांत एकत्र शोध घेता यावा इतकाच किमान वाटा त्यांनी ठरविला. प्रत्येक नोंद एकाच वस्तूची असावी, मूळ ग्रंथाची आणि त्याच्या छायाप्रतीची माहिती एकत्र कालवू नये, हेही त्यांनी सांगून ठेवले होते.

हा आक्षेप बऱ्याच अंशी मान्य करावा लागतो. दोष उत्पन्न होतो तो किमान नोंदीला संपूर्ण नोंद समजल्यामुळे. देवाणघेवाणीसाठी ठरविलेले रूप हेच साठवणुकीचे एकमेव रूप झाले, म्हणजे जे सांगावयाचे होते तेवढेच शिल्लक राहते. तरीही प्रमाणक सर्वस्वी निर्दोष ठरत नाही. जे प्रमाणक एकही बाब सक्तीची करीत नाही आणि रकान्यात काय लिहावे हे सांगत नाही, ते घाईत काम करणाऱ्याला घाई करण्याची मोकळीक देते. १८६७ च्या कायद्यातही 'शक्य असेल तितपत' ही मुभा होती. पण तेथे चौदा बाबींचे रकाने समोर होते आणि रिकामा रकाना रिकामा म्हणून दिसत असे. पंधरा घटकांच्या नोंदीत नसलेली आवृत्ती रिकामी दिसत नाही. तिच्यासाठी जागाच नसल्यामुळे ती कधी होती याचीच कोणाला आठवण राहत नाही.

उलट, सर्व काही नोंदविण्याचा आग्रह धरणेही व्यवहार्य नाही. ज्या संस्थेकडे एकच ग्रंथपाल आणि जीर्ण होत चाललेले काही हजार ग्रंथ आहेत, तिला मार्कचे शेकडो रकाने भरावयास सांगणे म्हणजे ग्रंथांची नोंदच होऊ न देणे होय. १८४१ नंतर चाळीस वर्षे थांबलेले मुद्रण हा इशारा आपल्यालाही लागू आहे.

८

या विवेचनावरून मराठी संग्रहांपुरत्या काही गोष्टी निश्चित म्हणता येतील. पहिली : देवाणघेवाणीसाठी डब्लिन कोअर अवश्य वापरावे, पण संस्थेच्या स्वतःच्या नोंदीत निदान आवृत्ती, मुद्रणस्थळ, मुद्रक आणि मुद्रणपद्धती या चार बाबींचे रकाने असावेत. दुसरी : शीर्षक मुखपृष्ठावर आहे तसे, जुन्या लेखनासह, मूळ लिपीत नोंदवावे आणि शोधासाठी त्याचे आजच्या लेखनातील रूप वेगळ्या रकान्यात द्यावे, एकासाठी दुसऱ्याचा बळी देऊ नये. तिसरी : भाषेबरोबर लिपी, आणि जुन्या ग्रंथांच्या बाबतीत भाषेची अवस्थाही नोंदवावी. चौथी : मराठी ग्रंथकारांच्या नावांची, टोपणनावांसह, एक समान सूची असावी. दात्यांच्या दोन भागांत तिचा पाया तयार आहे.

यांतील शेवटचे काम ग्रंथालयांवर सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही. एखादे नाव कोणाचे, एखादा पाठ कोणत्या परंपरेतला, एखादे रूप कोणत्या काळातले, हे निर्णय विषयाच्या अभ्यासकालाच करावे लागतात. पदव्युत्तर विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधिकेसाठी जे वीस-पंचवीस जुने ग्रंथ तपासले असतील, त्यांच्या नीट नोंदी करून विभागाच्या संग्रहात जमा केल्या, आणि प्रत्येक नोंदीखाली ती कोणी, कोणती प्रत प्रत्यक्ष पाहून केली हे लिहून ठेवले, तर दहा-बारा वर्षांत विभागाकडे विश्वसनीय नोंदींचा बऱ्यापैकी साठा होईल. कॉलियर यांनीही पंचवीसच ग्रंथ घेतले होते. त्यांनी त्यांना तासभर दिला. आपण त्यांना एक वर्ष देऊ शकतो.